तळपायावरची टिचकी

दुपारी वेणीमाधव घरी आला तो भांडायच्या तयारीनंच. रामकुंडात गुडघाभर पाण्यात उभं राहून धोतर भिजलं होतं, ते तसंच घेऊन तो तडक आला. अस्थी घेऊन आलेले मुंबईचे यजमान जेवण आटोपून ॲम्बॅसिडरनं परत निघणार होते. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवतो, पोराला घेऊन या, म्हणाले होते. मुंबईत अशा अधू मुलांना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था होती. आज कोंडाजीला तिथं पोचवायचाच. बायको, शैला, कितीही रडली तरी.

कोंडाजी सातव्या महिन्यातच जगात आलेला. ओंजळीत मावेल एवढा. त्याला कापसात गुंडाळून, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या लावून वाढवला. दूध ड्रॉपरनं. समोरच्या फुलाबाईंनी मूठभर कोंडा देऊन त्याला विकत घेतला आणि परत शैलाच्या ओटीत घातला, म्हणजे हे पोर या घरचं नाहीच असं यमाला वाटावं. म्हणून नाव कोंडाजी. भटजींच्या घरात कोंडाजी! गल्लीनं पोटभर हसून घेतलं. हसेनात का, पोर तर जगलं.

श्वासाचं मात्र त्याच्या काही खरं नव्हतं. झोपेत तो श्वास घ्यायचंच विसरायचा. ओठ निळे पडायचे. “तळपायाला टिचकी मारायची, की आठवतं बाळाला,” असं दवाखान्यातल्या नर्सनं शिकवलं होतं. पुढे फिट्स यायला लागल्या आणि ती टिचकी काही सुटली नाही. कोंडाजी झोपला की शैला त्याच्याजवळ बसायची. मधूनमधून नाकाखाली तळवा धरायची. वारा लागला नाही की पायाला टिचकी. चार वर्षं बाई धड झोपली नव्हती. डोळे पार खोल गेले होते. पोराला वाचवता वाचवता ही आपल्या हातची जाणार, या धास्तीनं वेणीमाधवचा जीव अर्धा झाला होता.

त्यात पोर बोलेना, चालेना. फरशीवरून फरफटत सरकायचं तेवढंच. हाकेला मान वळवायचं नाही. मोठ्या डॉक्टरांनी तर सांगूनच टाकलं होतं, याला काही उमजत नाही म्हणून.

“त्याला सगळं कळतं हो,” शैला म्हणायची.

“काय कळतं? मी घरात आलो काय नि गेलो काय, त्याला काही फरक पडतो का?”

यावर ती पोराच्या तोंडाची लाळ पुसायला वळायची. तेच वेणीमाधवला लागायचं. तिनं भांडावं, पडतो हो फरक, असं म्हणावं, एवढंच त्याला हवं असायचं. बाप होता शेवटी.

दार नुसतं लोटलेलं होतं. त्यानं आत पाऊल टाकलं आणि तो दाराशीच थांबला. शैला फरशीवर आडवी झाली होती. सकाळपासून अंगात कणकण होती तिच्या, बसल्या बसल्या कलंडली असावी. कोंडाजी मात्र टक्क जागा होता.

तो सरकत सरकत आईच्या तोंडाशी गेला. लाळेनं भिजलेला तळवा त्यानं तिच्या नाकाखाली धरला. थोडा थांबला. समाधान झालं नसावं. मग फरफटत तिच्या पायाशी आला आणि वाकडी बोटं एकमेकांत जुळवायला लागला. बोटं निसटायची, तो पुन्हा जुळवायचा. केवढा वेळ! शेवटी एकदाची टिचकी बसली. शैलानं झोपेतच पाय हलवला, सुस्कारा टाकला. कोंडाजी “हूं” म्हणाला आणि परत नाकाशी जायला निघाला.

वेणीमाधव दाराला टेकला. अरे देवा! या पोराला वाटत होतं, झोपलं की माणूस श्वास घ्यायला विसरतोच. सगळ्यांचंच तसं असतं. कुणीतरी जवळ बसावं लागतं. आज आई झोपली, म्हणून तो बसला होता.

वेणीमाधवला हुंदका आला. आणि खोटं कशाला बोला, पाठोपाठ मत्सरही वाटला. आईला हा ओळखतो. आईसाठी एवढी खटपट करतो. माझ्यासाठी करेल?

घाटावरून आल्यावर आंघोळीशिवाय पोराजवळ जायचं नाही, हा त्याचा नेम. आज तो मोडला. ओल्या धोतरानिशी तो वेड्यासारखा शैलाच्या पलीकडे आडवा झाला. डोळे मिटले.

काहीच होईना. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. वेणीमाधव उठला नाही.

मग फरशीवर सरकल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. चिकट, गार तळवा नाकाखाली टेकला. वेणीमाधवनं श्वास घट्ट रोखून धरला. तळवा एकदम निघून गेला. मग घाईघाईनं फरफटणं, घशातून निघालेला घाबराघुबरा आवाज, आणि तळपायाशी इवल्या बोटांची झटापट.

हॉर्न पुन्हा वाजला, चांगला लांबलचक. शैला दचकून उठली.

“अगंबाई, तुम्ही कधी आलात? असे का पडलात? आणि बाहेर हॉर्न कुणाचा वाजतोय?”

“वाजू दे,” तो डोळे न उघडताच पुटपुटला. “हलू नकोस. माझ्यासाठी बोटं जुळवतोय तो.”