मुंजाजीरावांची भुवई

परभणीच्या मोंढ्यात मुंजाजीराव सोयाबीनचे खरेदीदार. लिलावात ते तोंड उघडतच नाहीत. डावी भुवई उचलली की माल त्यांचा. आणि गाठ नेमकी डाव्या कानामागंच, मेंदूत निघाली.

"यांचा कान गेला तर जाऊ द्या साहेब, भुवई तेवढी वाचवा," गयाबाईंनी नवऱ्यासाठी हात जोडले.

डॉक्टरांनी खास एमआरआय करून भुवई हलवणारी चेहऱ्याची नस गाठीला कुठं चिकटलीय ते आधी शोधलं, मगच ऑपरेशन केलं.

मुंजाजीराव शुद्धीवर येताच डॉक्टर म्हणाले, "भुवई उचला बरं."

भुवई हलेना. पुन्हा सांगितलं, तरी हलेना. डॉक्टरांना घाम फुटला, गयाबाईंनी तोंडाला पदर लावला.



मुंजाजीराव म्हणाले, "अशी न्हाई उचलत साहेब. आधी माल दाखवा."