नाकसाहेबांची सुरई

“आधी पदार्थ सांग,” नाकसाहेब म्हणाले, “मग बाटली.”

“आधी लोण्यातला मासा,” सून म्हणाली. “मग भाजलेलं मटण. शेवटी साखरेत शिजवलेली नासपती.”

“एवढा थाट? साध्या रविवारी?”

सून ओट्याकडे वळली. “ताई आल्यात ना इतक्या दिवसांनी.”

अडतीस वर्षं एका मोठ्या हॉटेलात कोणत्या ताटाबरोबर कोणती वाइन द्यायची हे नाकसाहेबांनी ठरवलं होतं. हे नाव तिथलंच. नोकरी संपली आणि नाव त्यांच्याबरोबर घरी आलं. घरातल्या प्रत्येक खास जेवणाची बाटलीही तेच निवडत, आणि निवडताना असे काही नाकाने कांदे सोलत, की मुलांनी हात जोडावेत.

गेल्या महिन्यात मात्र स्वयंपाकघरात गॅस गळत होता आणि नाकसाहेब शेगडीपासून दोन हातांवर निवांत पेपर वाचत बसले होते. आतल्या खोलीत तान्ही नात झोपली होती. सून वेळेवर बाजारातून परतली, म्हणून सगळे वाचले. त्याबद्दल त्यांना कोणी चकार शब्द बोललं नाही. बोलणी झाली ती त्यांच्या पाठीमागे. आज चार वाजता वृद्धाश्रमाची गाडी येणार होती. त्यांची बॅग भरून मुलाच्या पलंगाखाली सरकवलेली होती. जेवण झालं की मुलाने त्यांना सांगायचं, असं मुलगा, सून आणि मुलगी या तिघांत ठरलं होतं. मुलाला सकाळपासून पाणी गोड लागत नव्हतं.

“माशाला ही पांढरी,” कपाटासमोर उभे राहून नाकसाहेब म्हणाले. “मटणाला ही लाल. ही दोन तास सुरईत ओतून ठेवायची. हवा लागली की ताठा उतरतो हिचा. तुझ्या नवऱ्याला नाही का, बाहेर चार लोकांत बसवलं की जरा माणसात येतो.”

सून हसली. हसताना तिला भरून आलं, म्हणून तिने नळ सोडला.

“सुरई मी भरतो. तू बाहेर जा, मध्ये लुडबुड नको.”

नंतर सॅलड करताना तिला व्हिनेगरची बाटली जागेवर सापडली नाही. तिने लिंबावर भागवलं.

मासा आणि पांढरी वाइन निभावून गेली. मुलगी एकसारखी बोलत होती. गाडीत शेजारी कोण बसलं होतं, ऑफिसातली लिफ्ट कशी बंद पडली. गप्प बसायची तिची हिंमत नव्हती. मग मटण आलं, आणि नाकसाहेबांनी सुरई उचलली.

रिवाजाप्रमाणे त्यांनी आधी स्वतःच्या पेल्यात दोन घोट ओतले. पेला फिरवला. नाक आत घालून डोळे मिटले. घोट घेतला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी मान डोलावली आणि तिघांचे पेले भरले.

मुलाच्या घशाला आग लागली. निव्वळ व्हिनेगर! त्याने बहिणीकडे पाहिलं; तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. बायकोने घोट तोंडात तसाच धरून ठेवला होता. त्याला वाटलं, हीच वेळ आहे. सांगून टाकावं, बाबा, ही नासलीय आणि तुम्हाला कळत नाही, त्या दिवशी गॅसही कळला नाही, म्हणून हे सगळं. शब्द ओठांपर्यंत आले. पण बाबा त्याच्याकडेच बघत होते. त्याला त्यांची दया आली, आणि भीतीही वाटली.

“उत्तम,” तो म्हणाला.

“तुमचं नाक अजून तसंच आहे, बाबा,” मुलगी म्हणाली.

“आणि तुला गं?”

सुनेने घोट गिळला. “छान आहे, बाबा. मटणाबरोबर अगदी जमलीय.”

नाकसाहेबांनी काटा-सुरी बाजूला ठेवली.

“हॉटेलात नवा माणूस घ्यायचा असला की मी त्याच्यासमोर तीन पेले ठेवायचो. एकातली वाइन मुद्दाम नासवलेली. एखादा तोंड वाकडं करून म्हणायचा, साहेब, ही गेलीय. त्याला ठेवून घ्यायचो. एखादा माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचा, उत्तम.”

“त्याचं काय करायचात?” मुलीने विचारलं.

“त्याला त्याच दुपारी घालवून द्यायचो.”

त्यांनी मांडीवरचा रुमाल बाजूला केला आणि खालची व्हिनेगरची बाटली टेबलावर ठेवली. सकाळी ती भरलेली होती. आता तळाशी बोटभर उरलं होतं.

“वास गेला, चव गेली, हे मला तुमच्याआधी ठाऊक होतं,” ते म्हणाले. “गॅसचं मात्र शेजाऱ्यांकडून कळलं. आणि बॅगेचं, चप्पल शोधायला पलंगाखाली वाकलो तेव्हा. म्हटलं, वाइन नासलीय, निदान हे तरी माझी माणसं मला तोंडावर सांगतील.”

आत नात जागी होऊन कुरकुरू लागली, तरी सून उठली नाही.

नाकसाहेबांनी सुरई उजेडाकडे धरली. पूर्वी रंग बघायला धरत, तशीच.

“अंदाजानेच ओतलं मी,” ते म्हणाले. “फार पडलं का रे?”