दोन्ही पंखे आत

दुपारचे बारा वाजत आले होते आणि कॉम्प्युटर सकाळपासून चौथ्यांदा आपोआप बंद पडला होता. विसरवाडीत हायवेला लागून नानांचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान. प्रवेशअर्जांचा तो शेवटचा दिवस. बाकावर पोरं आणि त्यांचे बाप घामाघूम बसले होते. नानांनी कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढून दुकानातला एकुलता टेबल फॅन त्याच्याकडे वळवला होता.

"भाऊ, मशीनला पंखेच पंखे, आपल्याला एकबी नाय," बाज्या म्हणाला. तो लेकीला घेऊन पहाटेच पाड्यावरून निघाला होता.

"तू गरम व्हयना ते पानी पेशी. हाई काय पेई?" नाना कॅबिनेटवर हात ठेवून म्हणाले. बाकावरचे हसले.

पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेली नानांची मुलगी रविना स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसली. आत ट्रकच्या धुराची तेलकट काजळी होती. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा जाड थर बसला होता. चिमट्याने ओढला तसा तो अख्खा निघून आला. त्यात उदबत्तीची राख, वाळलेलं झुरळ, तंबाखूचा चुरा आणि नानांचे पांढरे केस. तिने तो कागदावर ठेवला आणि नाकाऐवजी तोंडाने श्वास घेऊ लागली.

"नाना, दोन्ही पंखे वारा आतच ढकलतायत. मागचा तुम्ही उलटा बसवलाय."

"दोन पंखा, ते दोनपट वारा."

"आणि गरम हवा जाणार कुठून?"

पंखा नानांनी स्वतः नंदुरबारहून आणून बसवला होता. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने नाक पुसलं, मग त्याच टॉवेलने कीबोर्ड पुसला.

तिने मागचा पंखा फिरवून बसवला. आता पुढून वारा आत येणार, मागून बाहेर जाणार. पण आलेला वारा तारांच्या गुंत्यात विरणार, प्रोसेसरपर्यंत पोचणार नाही. तिने प्लास्टिकच्या फाइलचं कव्हर कापलं, दुमडून चौकोनी बोगदा केला आणि पुढच्या पंख्यापासून प्रोसेसरच्या पंख्यापर्यंत लावून पाहिला. बरोबर बसत होता.

नाना शेजारी उकिडवे बसले. बाकावरच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "रवी, मी येसू का तुन्हा घर? चार-आठ दिन. पुनं थंड शे म्हनतस."

तंबाखूचा आणि रात्रभरच्या कफाचा वास तिच्या गालापर्यंत आला. तिने बोगद्याची नीट पडलेली घडी पुन्हा दाबली.

"आधी चिकटपट्टी द्या."

त्यांनी पट्टी ओढली आणि दातांनी तोडून दिली. टोक ओलं होतं, तपकिरी. रविनाने कात्री घेतली, दोन बोटांएवढं टोक कापून टाकलं आणि उरलेली पट्टी चिकटवली. मान वर केली तेव्हा नाना तिच्या हाताकडे बघत होते.

पुढची पट्टी त्यांनी कात्रीने कापून दिली. कात्री आधी शर्टाला पुसली. मग थोडे मागे सरकून बसले.

तिने पत्रा लावला आणि कॉम्प्युटर सुरू केला. देवाच्या फोटोपुढची उदबत्ती पुढच्या जाळीशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला आणि मागून बाहेर पडला. सकाळी सत्त्याण्णववर गेलेला स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा अडुसष्टवर येऊन थांबला.

"देख रे बाज्या, मन्ही पोर!" नाना ओरडले आणि टेबल फॅन बाकाकडे वळवला.

संध्याकाळपर्यंत सगळे अर्ज गेले. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. पुण्याचा विषय नानांनी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करता करता ते पायरीवर बसले, ते उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बाया सांत्वनाला दारावर आल्या. कोरीटहून नानांची मोठी बहीण आली, तापीफुई. रविनाला कुशीत घेऊन रडली, मग डोळे पुसून जमलेल्या बायांना सांगू लागली.

"असी पोर कोनले भेटत नही. मन्हा भाऊ राजेंद्र माले सांगे, पोर दर फोनवर बलावस, मीच जात नही. मी गऊ ते पोरेस्ना फार्म कोन भरी? मी त्याले म्हनू, जाय ना रे येडा, इतली मायेनी बलावस ती."

"नशीब लागस," एक बाई म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या. कोणीतरी रविनाच्या डोक्यावरून हात फिरवला.

रविनाने तो हात धरून बाजूला केला.

"फुई," ती म्हणाली, "मी त्यास्ले कधीच बलायं नही. माले त्यास्नी घान वाटे."