एकसष्ट टक्के

पान्याचा पहिला फटका मुकादमाच्या मनगटावर बसला आणि हाड वाजलं. दुसरा गुडघ्यावर.

"प्लगला हात लावलात तर तिसरा डोक्यात घालीन," काडी म्हणाला.

काडी म्हणजे खाणीतला नेटवर्कवाला. इतका हडकुळा की वाऱ्याच्या दिवशी खिशात नटबोल्ट भरून चालायचा, असं खाणीतली माणसं शपथेवर सांगतात. आणि मुकादम कोपऱ्यावरून वळायचा तेव्हा त्याचं पोट आधी पोचून वर्दी द्यायचं. एरवी मुंगीनं रेडा अडवलेला बघून लोक हसून लोळले असते. पण खाली, दोनशे हात खोल, सातजण अडकले होते. त्यातला एक मुकादमाचा पाठचा भाऊ होता.

सकाळी साहेबांना लहर आली होती. नेटवर्कच्या स्विचचं नवं फर्मवेअर आलं होतं, म्हणजे त्या डब्याच्या आतला प्रोग्राम. "पाळी संपू द्या, माणसं वर येऊ द्या," काडी म्हणाला. "पाच मिनिटांचं तर काम," असं म्हणून साहेबांनी स्वतःच बटण दाबलं. अपडेट अर्ध्यात फसलं. पाणी उपसणारे पंप आणि माणसं वर आणणारा पाळणा, दोघांनाही हुकूम त्याच डब्यातून जायचे. दोन्ही जागच्या जागी थंड. पाळणा हातानं फिरवायचं जुनं चाक साहेबांनी गेल्याच वर्षी भंगारात घातलं होतं. सुधारणा म्हणून.

काडीनं लॅपटॉपची वायर डब्याला जोडली, काही अक्षरं बडवली, आणि डबा आपला जुना प्रोग्राम पुन्हा लिहून घ्यायला लागला. पिवळा दिवा लुकलुकत होता. पडद्यावर आकडा होता एकसष्ट टक्के. दहा मिनिटं झाली, आकडा तिथंच बूड टेकून बसला होता.

"मेलाय तो!" मुकादम ओरडला. "बंद करून चालू कर!"

मुकादमाची सगळी विद्या एवढीच होती, पण ती कधी फसली नव्हती. पंप, पंखे, ट्रक, मेहुण्याचा रेडिओ. बंद करायचं, एक चापट मारायची, चालू करायचं. एकदा श्वास थांबलेल्या सासऱ्यालाही त्यानं असंच उठवलं म्हणे. सासरा उठला तो जावयाला शिव्या घालतच.

"लिहिताना वीज गेली तर डब्याचा दगड होईल," काडी म्हणाला. "कायमचा. नवा यायला दोन दिवस लागतात."

"दोन दिवस? आणि हा आकडा हलतोय का? हलतोय का, सांग!"

"नाही हलत. तरीसुद्धा."

खाणीचा जुना तारेचा फोन तेवढा जिवंत होता. साहेबांनी तो कानाला लावला होता आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी फोन मुकादमाच्या कानाशी धरला.

"दादा," आतून आवाज आला, "छातीला लागलंय रे पाणी. कर ना काहीतरी."

मग मुकादम थांबला नाही. तिसरा फटका खरंच डोक्यात बसला, डोळ्यात रक्त उतरलं, तरी तो तसाच चालून गेला. त्यानं काडीला उचलून भिंतीवर आपटलं. पाना खणखणत कपाटाखाली गेला. काडी भिंतीवरून घसरला, सरपटला आणि दोन्ही हातांनी प्लगला मिठी मारून पालथा पडला. साहेबांनी बुटाची लाथ त्याच्या बरगडीत घातली. एक, दोन, तीन. साहेबांनी आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं. त्या दिवशी मागची सगळी कसर भरून काढली.

"सोड!"

"नाही."

मुकादमानं त्याची करंगळी धरली आणि उलटी वाकवली. कडकन आवाज झाला. काडी किंचाळला, पण हात सुटला नाही.

"माझा भाऊ आहे रे खाली! सोड!"

"म्हणूनच नाही सोडत!"

शेजारचं बोट मोडलं. मग मधलं. काडीनं मान वळवून मुकादमाच्या दंडाचा असा चावा घेतला की दात हाडापर्यंत गेले. मुकादम चौथ्या बोटाला हात घालणार, तोच पायाखालची फरशी गुणगुणायला लागली.

पंप.

तिघेही जिथल्या तिथे गोठले. डब्यावरचे दिवे एका रांगेत हिरवे झाले होते. कधी झाले, ते कुणी पाहिलंच नव्हतं. बाहेर पाळण्याची कप्पी करकरली.

सातहीजण वर आले. पाणी गळ्यापर्यंत चढलं होतं. मुकादमाच्या भावाला उभं राहता येईना, तेव्हा मुकादमानं मोडक्या मनगटानंच त्याला कडेवर घेतलं, लहानपणी घ्यायचा तसं. मग त्याला इतरांच्या हवाली करून तो परत खोलीत गेला.

काडी भिंतीला टेकून बसला होता. वाकडी बोटं मांडीवर ठेवून तो ती अशी बघत होता, जणू दुसऱ्याच कुणाची असावीत. मुकादम त्याच्यासमोर फतकल मारून बसला. कपाळावरचं रक्त हनुवटीवरून ठिबकत होतं.

"मी तुला ठारच मारणार होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आकडा हलत नव्हता. तुला एवढी खात्री कशी रे होती?"

"खात्री कसली, मुकादम? मागच्या खाणीत असंच झालं होतं. खाली पाचजण होते, आणि वर मी एकटा." काडीनं मान वर केली. "मी प्लग ओढला. मला अडवायला, माझी बोटं मोडायला तिथं कुणीच नव्हतं."