मगरबाईंची सही

त्या जुन्या कार्टून सिनेमात मगरबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि रांग मोडणाऱ्या पोरांना अख्खं गिळायच्या. त्यांना आवाज देणाऱ्या आजी पुस्तकांच्या दुकानात सह्या द्यायला बसल्या होत्या. सिनेमात त्यांचं नाव कुठेच झळकलं नव्हतं, म्हणून मी मगरीचं चित्र पुढे करून म्हणालो, “आजी, सहीखाली ‘मगरबाई’ असंही लिहा. नाहीतर घरचे विचारतील, ही कोण बुवा?”

शेजारी उभा असलेला, सिनेमा कंपनीचा टायवाला मध्ये पडला. “फक्त स्वतःचं नाव लिहायचं. मगरबाई कंपनीच्या मालकीच्या आहेत.”

“आणि आवाज?” आजींनी विचारलं.

“तोही कंपनीचाच. त्या आवाजात इथे बोलायचं नाही.”

“अरे, माझ्याकडे दुसरा नाहीये. भाजी घ्यायला जाते तेव्हा काय खुणा करू?”

“ते तुमचं तुम्ही बघा, मॅडम.”

आजींनी त्याच्यासमोर आ वासला. “घे बाबा, तुमचं सामान काढून ने.”

रांगेत हशा पिकला. टायवाला चिडला आणि कार्यक्रम बंद म्हणून ओरडू लागला. तशा आजी खुर्चीवरून उठल्या.

“हाताची घडी, तोंडावर बोट!”

दुकान चिडीचूप झालं. आजी शांतपणे बसल्या, माझ्या चित्रावर सही केली, खाली ठसठशीत अक्षरांत ‘मगरबाई’ लिहिलं आणि टायवाल्याकडे वळल्या.

“कुणाला काही बोलायचंय?”

त्याने तोंडावरचं बोट न काढता नुसतीच मान हलवली, नाही म्हणून.