कुंपणातली खिंड

"आधी खाली उतर," आई म्हणाली.

माळी कात्री मिटून शिडीवरून उतरला आणि मुलीकडे बघू लागला. त्याला बोलावलं होतं तिने, तेही आई दुपारची आडवी झाली आहे असं बघून.

आईचा सगळा जन्म शिवणकामात गेला होता. रेघ वाकडी गेली की तिचं डोकं उठायचं. घराच्या तीन बाजूंचं कुंपण ती पट्टी लावल्यासारखं गुडघ्याएवढं राखायची. रस्त्याकडच्या चौथ्या बाजूला मात्र बाबांनी कधी कात्री लावू दिली नाही, आणि ती झुडपं वाढत वाढत ट्रकच्या टपापर्यंत गेली होती. त्यावरून दोघांची नेहमी जुंपायची. आता बाबा नव्हते. निदान आईच्या डोळ्यांना खुपणारी ही एक गोष्ट तरी दूर करावी, म्हणून मुलीने हा घाट घातला होता.

कुंपणाला चांगली दोन हात रुंद खिंड पडली होती. छातीच्या वर काहीच उरलं नव्हतं. पलीकडचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

"मला वाटलं, तुला आवडेल," मुलगी म्हणाली.

"आवडलंही असतं. पण आता ती निघायची वेळ झाली."

ती म्हणजे मागच्या गोदामाच्या आढ्यातली घुबडं, हे माळ्याला सांगावं लागलं. तो हसला. घुबडं गाड्यांखाली येतातच, दिव्यांनी दिपतात, आणि मुळात घुबडाला अक्कल ती किती, असं त्याचं म्हणणं पडलं.

"अक्कल असते," आई म्हणाली. "लक्ष खाली असतं."

मग ती सांगत गेली. रस्त्याकडेच्या गवतात कुणी नांगर घालत नाही, म्हणून उंदीर तिथेच जास्त. घुबड त्या गवतावरून अगदी खालून उडतं, कान सगळा उंदराच्या खुडबुडीकडे. तसंच खालून ते रस्ता ओलांडायला जातं, आणि गाडीची काच नेमकी तेवढ्याच उंचीवर असते. समोर उंच झाडोरा आला तर त्याला वर चढावंच लागतं. एकदा चढलं की गाड्यांच्या डोक्यावरून निघून जातं. बाबा जनावरांचे डॉक्टर होते. लोक खोक्यात घालून त्यांच्याकडे घुबडं आणत, आणि बहुतेक वेळा त्यांना नुसतं खोकं बंद करावं लागे. कुंपण वाढायला लागल्यापासून खोकी यायची थांबली होती.

मुलगी ऐकत राहिली. शब्द बाबांचे होते, मधेमधे थांबायची लकबही त्यांचीच.

"एवढं सगळं माहीत होतं, तर भांडायचीस कशाला?"

"मी भांडले की ते समजावून सांगायचे," आई म्हणाली. "पहिल्यापासून. छान सांगायचे."

ऊन उतरलं होतं. माळ्याने कापलेल्या फांद्या उचलून खिंडीत खोचून पाहिल्या, त्या माना टाकून खाली आल्या. आई घरात गेली. परत आली ती बाबांचा जाड, लांब कोट घेऊन. गोठ्यात जाताना ते तो घालायचे. कुणाला तरी देऊन टाकू या, असं मुलगी दोनदा म्हणाली होती. दोन्ही वेळा आईला ऐकू आलं नव्हतं. कोट धुतलेला होता, इस्त्री केलेला होता.

बाह्यांतून बांबू घातला. आईने बाह्यांची टोकं बांबूला दोऱ्याने पक्की आवळली. माळ्याने शिडीवर चढून तो खिंडीवर आडवा बांधला.

"काकू, हे बुजगावणं बघून पाखरू इकडे फिरकायचं नाही."

"त्यांना बुजलेलं एकही जनावर मी पाहिलं नाही," आई म्हणाली.

तिघं पायरीवर बसली. उजेड विझत आला तशी गोदामाच्या झरोक्यातून एक पांढरी आकृती सुटली. पंखांचा आवाज म्हणून नाही. अंगणातल्या गवतावरून, हाताने शिवता येईल इतक्या खालून, ती सरळ खिंडीकडे निघाली. पलीकडून ट्रक येत होता. त्याची घरघर वाढत गेली. मुलीने आईचा हात धरला.

कोटाशी पोचताच घुबड उचललं गेलं. कॉलरवरून वर, आणखी वर, ट्रकच्या टपावरून पलीकडच्या शेतात. ट्रक निघून गेला. त्याच्या वाऱ्याने कोट छातीशी भरून आला आणि सावकाश बसला.

मग माळी उठला आणि शिडीला हात घालून म्हणाला, "डावा खांदा उतरलाय, काकू. जाता जाता सरळ करतो."

मुलीने आईकडे पाहिलं. वाकडं काही तिला खपत नसे.

"नको," आई म्हणाली. "त्यांचा उतरलेलाच होता. मी माप तसंच घेतलं होतं."