उंबऱ्यावरची आई

दीपमालानं फोन ठेवला. तिचा बाप, पिराजी, कलबुर्गीच्या स्टँडवर उतरला होता. आता रिक्षा करून थेट हॉलवर येणार होता.

चित्रं टांगून टांगून तिची कंबर पार मोडली होती. चंद्रभागाबाई खुर्चीत पाय चोळत बसली होती. लेकीच्या चित्रांचं प्रदर्शन बघायला बिचारी कमलनगरहून सकाळच्या बसनं आलेली. अन् भिंतीभर तीच होती. दिवेलागणीची वेळ, उंबऱ्यावर बसलेली बाई, नजर रस्त्याच्या टोकाला. मोठं चित्र घ्या, लहान घ्या, तेच. लोक यायचे, हळहळायचे. काय हो हे वाट बघणं, म्हणायचे.

बघणारच की! नवरा हैदराबादला निघून गेला तेव्हा दीपमाला नुकती चालायला लागली होती. आईनं त्याच्याबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही. पण लेक शिकायला बाहेरगावी जाईपर्यंत रोज संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसायची. दीपमालानं पुढं दुसरं काही काढलंच नाही. आता खरं सांगायचं तर तिला त्या चित्राचा वीट आला होता. आईला एकदा तिथनं उठलेली बघायची होती. म्हणून तर कुठं कुठं चौकशा करून तिनं अप्पाला हुडकलं होतं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"थकलीस का गं आई?"

"थकायला काय झालंय? समद्या चित्रांत बसूनच हाय की मी." चंद्रभागाबाई भिंतीकडं बघत राहिली. "पण मागचं दार कामून काढलं न्हाईस? दिवेलागणीला लोक मागचं दार लावतेत, लक्ष्मी जाती म्हणून. मी उघडं ठेवायची."

दीपमालाचं लक्ष नव्हतं. खाली रिक्षा थांबली होती. तिनं आईचे हात हातात घेतले. तिचे डोळे भरून आले.

"आई, संपलं तुझं वाट बघणं. अप्पा आलेत. जिना चढायलेत."

चंद्रभागाबाई ताडकन उठली. केवढा आनंद झाला हिला, दीपमालाला वाटलं. पण आईनं तिचं मनगट घट्ट धरलं आणि तिला ओढून आपल्या पाठीमागं घेतलं.

"वाट कसली गं, येडे? पिऊन आला की पहिला हात तुझ्यावर उचलायचा त्यो. लांबनं दिसला तर तुला मागच्या दारानं काढून द्यायचं, म्हणून बसायची मी."